गॅसर : उंच नाकाच्या मोटारीचं गणित आणि निगा

नमस्कार मंडळी. नाक उंच, मागे रुंद गुळगुळीत टायर, बॉनेटमधून वर आलेल्या इंजेक्शनच्या नळ्या, अशी जुनी अमेरिकन मोटार तुम्ही चित्रांत पाहिली असेल. तिला गॅसर म्हणतात. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर दोन गाड्यांनी शेजारी शेजारी सुटायचं आणि आधी पोचायचं, एवढ्यासाठीच ती बांधलेली असते. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर अशा शर्यती नियमित भरू लागल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि १९५५मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पेट्रोलवर धावणाऱ्या, रस्त्यावरच्या गाडीची बॉडी असलेल्या मोटारींचा वर्ग म्हणजे गॅस (अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात). साठच्या दशकात स्टोन, वूड्स आणि कुक या त्रयीची १९४१ची विलीज आणि ‘ओहायो जॉर्ज’ मॉन्टगोमेरी यांची १९३३ची विलीज पाहायला लोक गर्दी करत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे वर्ग मागे पडले. त्याच धाटणीच्या गाड्या आता हौशी मंडळी नव्यानं बांधतात. विलीजची मूळ पत्र्याची बॉडी महाग आणि दुर्मीळ, म्हणून पुष्कळ जण १९५५ची शेव्हरोले घेतात. आपण तिच्याच मापांवर बोलू. मापं इंच-पौंडांत ठेवतो, कारण सुटे भाग त्याच मापांत मिळतात.

या वर्गाचे दोन नियम गाडीचा आकार ठरवतात. एक, इंजिन व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या) दहा टक्क्यांपर्यंत मागे सरकवता येतं. माप घ्यायचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत. शेव्हरोलेचा व्हीलबेस ११५ इंच, म्हणजे मुभा साडेअकरा इंचांची. दोन, क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मध्य जमिनीपासून २४ इंचांहून वर जाता कामा नये.

नाक उंच करायचं कारण असं, की त्या काळचे टायर आजच्या मानानं अरुंद होते आणि सुटताना त्यांच्यावर जास्तीत जास्त वजन यावं अशी धडपड होती. पण त्यातून खरोखर किती मिळतं, ते मोजून बघा. गाडी ३,२०० पौंडांची, सुटतानाचं त्वरण गुरुत्वाच्या ०.८ पट, गुरुत्वमध्य जमिनीपासून २२ इंचांवर. वजन गुणिले त्वरण गुणिले उंची, भागिले व्हीलबेस. उत्तर येतं ४९० पौंड. एवढं वजन पुढून मागे जातं. आता नाक सहा इंच उचललंत, तर गुरुत्वमध्य साधारण तीन इंच वर जाईल. तेच गणित २५ इंचांनी केलं तर ५५७ पौंड. सगळ्या उठाठेवीतून पदरात पडले ६७ पौंड. दुसरीकडे, ५० पौंडांची बॅटरी पुढच्या ॲक्सलवरून उचलून मागच्या ॲक्सलवर डिकीत ठेवलीत, तर ५० पौंड कायमचे मागे गेले. सुमारे ५७५ पौंडांचं बिडाचं इंजिन साडेअकरा इंच मागे घेतलंत, तर आणखी ५७. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आधी बॅटरी, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी नाकाची उंची. आज मिळणारे टायर त्या काळापेक्षा कितीतरी चिकट आहेत. गरजेपेक्षा उंच नाकाखाली शेवटच्या तीनशे फुटांत हवा शिरते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. बॅटरी डिकीत नेली की ती ३/८ इंची बोल्टांनी चासीला आवळायची आणि मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येईल असा स्विच बसवायचा. हा नियमच आहे.

आता पुढचा ॲक्सल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक गॅसर इथेच बिघडतात. शेव्हरोलेचं मूळ कॉइल स्प्रिंगांचं सस्पेन्शन काढून तिथे एकसंध ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) येतात. ॲक्सल नव्या नळीचा घ्या किंवा १९६१ ते ६७च्या फोर्ड इकोनोलाइन व्हॅनचा शोधा. आपल्याकडे ट्रकच्या पुढच्या ॲक्सलचं काम केलेल्या मिस्त्रीला ही रचना नवी नाही. तोच किंगपिन (ज्या उभ्या पिनभोवती चाक वळतं ती), तेच पाटे, तेच यू-बोल्ट.

सर्वांत महत्त्वाचा कोन कॅस्टर, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक किती मागे झुकलंय तो. या गाड्यांना पाच ते सात अंश चांगले. पण तो मोजायचा गाडी पूर्ण झाल्यावर, इंजिन, पेट्रोल आणि ड्रायव्हरच्या वजनासकट. कारण पाटे चासीला आहेत, चासी कलली की किंगपिनही तितकाच कलतो. ११५ इंचांच्या व्हीलबेसला एक अंश म्हणजे दोन इंच. कॅस्टर सहा अंशांवर बसवलात आणि नंतर मागची बाजू चार इंच उचललीत, तर दोन अंश गेले. गाडी शंभर मैलांच्या वेगाला भरकटू लागते आणि दोष मात्र टायरांना दिला जातो. दुरुस्ती पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये निमुळत्या शिमा (पाचरीसारख्या पट्ट्या) घालून करायची. दोन्ही बाजूंना शिम एकाच मापाची आणि एकाच दिशेनं. एका बाजूला दोन अंश आणि दुसऱ्या बाजूला चार घातले, तर यू-बोल्ट आवळताना ॲक्सलला पीळ बसतो आणि गाडी एका अंगाला ओढते.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा जितकी जवळ असते ते अंतर, हवं १/१६ ते १/८ इंच, आपल्या भाषेत अर्धा ते एक सूत. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर अणकुचीदार टोकानं रेघ ओढायची, गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलायची आणि त्या रेघांमधलं अंतर चाकाच्या पुढे आणि मागे मोजायचं. रिमला टेप लावून घेतलेल्या मापावर विसंबू नका, रिम थोडी वाकडी असतेच.

यानंतर ड्रॅगलिंक, म्हणजे स्टिअरिंग पेटीपासून चाकांकडे जाणारा दांडा. स्टिअरिंग पेटीपासून लिंक सरळ पुढे येत असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ॲक्सल वर-खाली होताना पाट्याच्या स्थिर टोकाभोवती कमानीत फिरतो आणि लिंकचं पुढचं टोक पिटमन आर्मभोवती (पेटीतून निघालेल्या हाताभोवती) कमानीत फिरतं. दोन्ही कमानींची केंद्रं एकाच बाजूला आणि त्रिज्या जवळपास सारख्या हव्यात. पेटी मागे आणि पाट्याचं स्थिर टोक पुढे, असं झालं की सुटताना नाक उचललं जाताच चाकं आपोआप वळतात, ड्रायव्हरनं स्टिअरिंग घट्ट धरलेलं असलं तरी. दुसरा मार्ग आडव्या लिंकचा. व्हेगा मोटारीची लहान पेटी त्यासाठी सोयीची पडते. तिथे पुढे-मागे होण्याचा त्रास जातो, पण शॅकल (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा) आणि बुश बाजूला लवतात, चासी ॲक्सलवर डावी-उजवीकडे सरकते आणि तेवढी चाकं वळतात. म्हणून आडवी लिंक लावणाऱ्यानं पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा, लावलाच पाहिजे. तो लिंकला समांतर आणि शक्यतो तितक्याच लांबीचा हवा.

मघाशी कुणी तरी विचारलं, पुढची चाकं थरथरू लागली तर स्टिअरिंग डॅम्पर लावावा का? आधी कारण शोधा. किंगपिनमध्ये खेळ, प्रमाणाबाहेर कॅस्टर, बॅलन्स नसलेलं चाक किंवा सैल पिटमन आर्म, यांपैकी काहीतरी असतं. डॅम्पर थरथर झाकतो, झीज चालूच राहते. किंगपिनचे पितळी बुश रीमरनं मापाला आणायचे, पिन हाताच्या दाबानं आत जाईल पण हलणार नाही, इतपत. साधारण एक ते दीड थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जागा. थ्रस्ट बेअरिंग ॲक्सलच्या खालच्या अंगाला येतं, कारण गाडीचं वजन तिथे टेकतं. ते वरच्या बाजूला बसवलेलं असलं, तर स्टिअरिंग जड होतं आणि बैठक घासून जाते. ग्रीस मारताना ॲक्सलखाली जॅक लावून चाक अधांतरी ठेवा, नाहीतर ज्या फटीत ग्रीस जायला हवं ती वजनानं बंद असते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. स्मॉल-ब्लॉक शेव्हरोले, २८३, ३२७ किंवा ३५० घन इंच, भाग मुबलक. सॉलिड लिफ्टरचा कॅम असेल, तर टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीच्या) मापांची वही ठेवा. साठच्या दशकातल्या शेव्हरोलेच्या प्रसिद्ध ‘थर्टी-थर्टी’ कॅमला गरम इंजिनात ०.०३० इंच जागा लागते. दर शर्यतीनंतर मोजा. एखाद्या व्हॉल्व्हची जागा कमी होत चालली असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खचतोय किंवा ताणला जातोय. वाढत असेल, तर कॅमचा उंचवटा किंवा लिफ्टर झिजतोय. वहीतले ते आकडे इंजिन उघडण्याआधीच बिघाड दाखवतात. नवा कॅम बसवल्यावर इंजिन सुरू होताच मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवायचं, आयडलवर ठेवायचं नाही. तेल जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं घ्या.

क्लचचं मात्र सविस्तर सांगतो. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचच्या लायन्स ट्रॅकवर शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचं (याच शर्यतींच्या खास लांबट गाडीचं) ट्रान्समिशन फुटलं आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. फिरणाऱ्या लोखंडात किती ताकद साठते, ते त्यावरून कळावं. बिडाचं फ्लायव्हील वापरायचं नाही, पोलादी घ्यायचं आणि त्यावर एसएफआय या सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र असलेलं पोलादी बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच). या हाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतं का, हे तपासणं बरेच जण टाळतात. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा, टोक हाउसिंगच्या मोठ्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं पूर्ण फिरवा. काटा एकूण पाच थाऊंपेक्षा जास्त हलता कामा नये. समजा अठ्ठावीस थाऊ हलला, तर प्रत्यक्ष चूक त्याच्या निम्मी, चौदा थाऊ. ब्लॉकमधले मूळ डॉवेल (हाउसिंग जागेवर धरणाऱ्या पिना) काढून चौदा थाऊ सरकवलेले डॉवेल घाला, दोन्ही एकाच दिशेला वळवा, पुन्हा मोजा. ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांचे डॉवेल तयार मिळतात. हे न करता बोर्ग-वॉर्नर टी-१० किंवा मन्सी गिअरबॉक्स जोडला, की गिअर अडकतात, चौथा गिअर सुटतो, पायलट बुश एका अंगानं झिजतं, आणि माणूस गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा उघडत बसतो.

मागचा ॲक्सल १९५७पासूनचा फोर्डचा नऊ इंची (आतलं मोठं गिअर तेवढ्या व्यासाचं) किंवा त्या काळाला शोभणारा ओल्डस्मोबिल-पाँटियाकचा. ॲक्सलच्या गिअरचं गुणोत्तर अंदाजानं ठरवू नका. ताशी मैलांतला वेग गुणिले गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. ११५ मैल, ४.५६ आणि २९ इंचांचा टायर धरला तर इंजिन ६,०७६ फेऱ्यांवर, ४.८८ घातलं तर सुमारे ६,५००. तुमच्या कॅमची ताकद जिथे संपते, त्याच्या थोडं पुढे शेवटची रेघ यावी. लॅडर बार (मागच्या ॲक्सलला चासीशी जोडून पीळ रोखणारे दांडे) लावलेत, तर पाट्यांना पुढे-मागे सरकणारी बैठक द्या. दोघांच्या कमानी वेगळ्या, बैठक स्थिर असेल तर सगळं अडकून बसतं आणि बारचे वेल्ड तडकतात.

टायर ट्यूबवाले असतील, तर बारा ते पंधरा पौंड हवेपासून सुरुवात करा. रिम आणि टायरवर मिळून एक खडूची रेघ ओढा. धावेनंतर ती तुटलेली दिसली, तर टायर रिमवर घसरतोय, आणि पुढच्या वेळी ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाईल. अशा वेळी रिमच्या कडेला स्क्रू मारतात. जुनी मॅग्नेशियमची चाकं हौसेनं विकत घेतली असतील, तर वर्षातून एकदा रंग काढून डाय पेनिट्रंटनं (तड्यांत मुरणाऱ्या रंगानं) तडे पाहा, बोल्टांच्या भोकांभोवती खास करून.

पहिल्या दिवशी ट्रॅकवर पूर्ण धाव घेऊ नका. साठ फुटांपर्यंत गाडी सोडा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. गाडीखाली जा. यू-बोल्टचे नट, पॅनहार्ड रॉडची टोकं, पिटमन आर्मचा नट, लॅडर बारचे बोल्ट, या सगळ्यांवर आधीच पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली असावी, नटावरून बोल्टवर गेलेली. रेघ जुळत नसेल तर तो सैल झाला. यू-बोल्ट पहिल्या दोन-तीन धावांत सैल होतातच, कारण शिमा आणि पाटे बसायचे असतात. पुन्हा आवळा, नवी रेघ मारा. मग ३३० फूट आणि पुन्हा खाली. त्यानंतर सगळ्या रेघा जागेवर असतील तरच पाव मैल.