ओतल्यानंतर

(भट्टीचं तोंड. ठिणग्या. यंत्रांचा आवाज तसाच राहू द्यावा.)

उद्यमबाग, बेळगाव. सकाळची पाळी. भट्टीतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १३०० अंशांच्या वर गेलंय.

हे हात एका मोल्डरचे, वाळूचे साचे करणाऱ्याचे. कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात. वाळूत बेंटोनाइटची चिकणमाती आणि पाणी कालवलं की काका एक मूठ दाबून बघतात. बोटांचे ठसे उमटले, ढेकूळ मोडल्यावर कडा विस्कटली नाही, म्हणजे ओल बरोबर. पाणी जास्त झालं तर वितळलेला रस पडताच वाफ होणार आणि कास्टिंगमध्ये भोकं राहणार. मग पेटीत पॅटर्न, म्हणजे नगाच्या आकाराचा नमुना, ठेवायचा, वाळू थराथरानं ठासायची, वायू निघून जावा म्हणून सळईनं छिद्रं पाडायची. पॅटर्न अलगद वर काढायचा. हे मशिनवरही होतं, पण मोठ्या नगांना अजून हातच लागतो.

आता ओततात.

(रसाची मोठी पळी, लॅडल, वाकतं. इथं निवेदन नको.)

साच्याचं तोंड भरलं. काका दोन पावलं मागे सरले, हातमोजा काढला, डोळे मिटले. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, धूर गेला असेल डोळ्यांत. ते प्रार्थना करत होते.

“ओतेपर्यंत माझं काम,” काका म्हणतात. “आत काय चाललंय ते मला कुठं दिसतंय? आता त्याच्या हातात, बघा की.”

तरुणपणी हेच काका ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणायचे. चर्चला जायचे ते नाताळपुरते. मग एकदा रस उडाला. उजव्या हातावरचा हा चट्टा त्या दिवसाचा. तीन महिने घरी बसले, काकींनी भरवलं, चर्चच्या मंडळीतल्या घरांतून आळीपाळीनं डबा आला. प्रार्थना करायला आपण तिथं शिकलो, असं ते सांगतात.

(रविवार. दाराबाहेर चपलांची रांग. पेटी, तबला.)

रविवारची पाळी काका बदलून घेतात. मराठी उपासना. पाळकसाहेब लूकच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय वाचताहेत. मंदिरात दोघं प्रार्थनेला येतात, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि एक जकातदार. सीमाभागात जकातदार समजावून सांगावा लागत नाही. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. तो खोटं बोलतोय असं येशू कुठंच म्हणत नाही. पण त्याची प्रार्थना नीट ऐका: तिच्यात मागणं एकही नाही. त्याला देवाकडून काही नकोच आहे. जकातदार दूर उभा, नजर वर होत नाही. ऊर बडवून तो फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो हा.

(जुन्या पुस्तकाचं पान.)

लेखक बाबा पदमनजी याच गावचे. जन्म १८३१. मराठी वाचक त्यांना ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीमुळे ओळखतो, मला मात्र त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ जवळचं वाटतं. लंडन मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था बेळगावात १८२० मध्ये आली. त्यांच्या इथल्या शाळेत बाबा शिकले, पुढं मुंबईला गेले. ख्रिस्ताची शिकवण बुद्धीला पटली तरी पाऊल उचलायला त्यांना वर्षं लागली. एवढा शिकलेला, लिहिता माणूस. पटण्यापासून शरण जाण्यापर्यंतची वाट त्यालाही इतकी लांब पडली. १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा झाला. घरच्यांपासून ताटातूट झाली.

(प्रभुभोजन. गुडघे टेकलेली माणसं. काकांचे दोन्ही तळवे, एकावर एक, पुढं केलेले.)

भाकर इथं कुणी आपल्या हातानं उचलून घेत नाही. तळहात पुढं करायचा, पाळक ठेवतात.

(पुन्हा कारखाना. साचे फोडताना.)

दुसरा दिवस. वाळू झटकून काका एकेका नगावरून बोट फिरवतात. दोन नगांत भोकं निघाली. ते परत भट्टीत जातील. “ओल माझीच चुकली,” काका म्हणतात, आणि नव्या वाळूची मूठ दाबून बघतात.