मृत्युलेखात खेळ कुठे असतो?

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘दिवंगत खेळाडू आणि प्रशिक्षकांचं स्मरण’. महिना जानेवारीचा असल्यामुळे उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. २ जानेवारीला रमाकांत आचरेकर सरांची पुण्यतिथी झाली. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, तो आपण आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. आणि बापू नाडकर्णी गेले ते २०२० च्या १७ जानेवारीला.

क्रीडा पानासाठी मी बरीच वर्षं मृत्युलेख लिहिले, शोकसभाही पुष्कळ ऐकल्या. तिथली वाक्यं तुम्हालाही पाठ असतील. साधी राहणी, प्रसिद्धीपासून दूर, नव्या मुलांना कायम मदतीचा हात, आणि शेवटी कधीही भरून न येणारी पोकळी. सगळं खरं असेलही. पण हेच भाषण एखाद्या निवृत्त तहसीलदाराच्या शोकसभेत जसंच्या तसं चालतं! गेलेला माणूस गोलंदाज होता की मल्लखांबपटू, हे त्यातून कळत नाही. फार तर आकडे येतात. इतके सामने, इतके बळी, अमुक पुरस्कार. तो खेळायचा कसा, हे सांगायला कुणी उठत नाही, आणि आज माझी तक्रार तेवढीच आहे.

बापूंचंच बघा. ते गेले त्या दिवशी सगळीकडे एकच गोष्ट छापून आली: सलग २१ निर्धाव षटकं. १२ जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव नाही. डावाच्या शेवटी पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. आकडा अचाट आहे, पण नुसता आकडा ऐकला की वाटतं, हा काहीतरी जत्रेतला विक्रम असावा. तिथे काय चाललं होतं? भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. इंग्लंडला सामना वाचवायचा होता आणि ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळपट्टीवर ठाण मांडून बसले होते. बापू डावखुरे फिरकी गोलंदाज, पण चेंडू हातभर वळवणारे नव्हेत. सरळ, सपाट, पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यावर. पुढे यावं तर चेंडू तितका पुढे नाही, मागे जावं तर तितका आखूड नाही. सरावात ते खेळपट्टीवर नाणं ठेवायचे आणि त्यावर चेंडू टाकायचे. मद्रासला नाणं नव्हतं, टप्पा तोच होता.

फलंदाज बाद करण्यापेक्षा त्याला अडवून धरणं हे कमी दर्जाचं काम, असं आपल्याकडे मानलं जातं. मला ते पटत नाही. ४१ कसोटी, ८८ बळी, आणि षटकामागे दोनहून कमी धावा. समोरच्या टोकाला गुप्ते असोत की प्रसन्ना, त्यांनी प्रयोग करायचे आणि या टोकाला बापूंनी दार लावून बसायचं, ही विभागणी होती. आणि मद्रासनंतर त्याच मालिकेत कानपूरला याच माणसाने नाबाद ५२ आणि नाबाद १२२ केल्या, हे मृत्युलेखांत शोधून पाहा. निर्धाव षटकांनी त्यांची फलंदाजीच झाकून टाकली.

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर, त्यांच्या वाट्याला उलटं आलं. ते २०२५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांची आठवण निघते ती त्यांना न मिळालेल्या गोष्टीवरून: तशीच गोलंदाजी करणाऱ्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले म्हणून कसोटी खेळले नाहीत. हळहळ योग्यच आहे. पण रणजीच्या १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईच्या स्वतःच्या धावा होत्या १५१ आणि ११३. फिरकी खेळण्यात पटाईत लोकांना त्यांच्या घरच्या आखाड्यावर फिरकीने गुंडाळलं! ५८९ प्रथम श्रेणी बळींचा हा माणूस आपण ‘बिचारा’ म्हणून लक्षात ठेवायचा?

एकनाथ सोलकरांचं थोडक्यात सांगतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ५३ झेल २७ कसोटींत, हेही. पण ते हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे अगदी बॅटीजवळ, उभे राहायचे, फलंदाजाच्या बॅटकडे डोळे लावून, आणि शेवटपर्यंत हलायचे नाहीत. १९७१ ला ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर अ‍ॅलन नॉटचा झेल त्यांनी पुढे झेपावून घेतला, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच डावातले चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी आपण सांगतो. त्या सहांच्या मागे बॅटीपाशी उभ्या माणसाची दहशत किती, हे धावफलकात लिहायला रकाना नाही.

आता खाशाबा. त्यांच्याबद्दल बोलताना आपण कुस्तीआधी पैशांवर येतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले, परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते फेडले. मोठीच गोष्ट आहे, सांगितलीच पाहिजे. १९५२ चं ऑलिंपिक पदक, १९८४ ला अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा. याची चीडही यायलाच हवी. पण हेलसिंकीत ते लढले कसे?

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा मातीतला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. मातीत पाठ लागली की निकाल, तोवर झुंज चालूच. १९४८ ला लंडनमध्ये ते मॅटवर उतरले, तिथे गुण आणि वेळ यांचा हिशोब. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तिथले नियम आणि डाव समजावले, आणि खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी गट बदलून बँटमवेट, ५७ किलो. त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालायचा आणि त्याला उचलून आपटायचं. उंची कमी, पण पायांत चपळाई. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, तिन्ही मल्ल हरवले. मग जपानचा शोहाची इशी, ज्याने पुढे सुवर्ण घेतलं. ती लढत लांबली, आणि लगेचच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं राहावं लागलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. म्हणजे ब्राँझचा रंग ठरण्यात थकवा किती, हा कुस्तीतलाच प्रश्न आहे. तो आपण क्वचितच विचारतो.

प्रशिक्षकांकडे वळलं की अडचण वाढते. खेळाडूच्या मागे निदान धावफलक उरतो. प्रशिक्षकाच्या नावावर काहीच नोंदलेलं नसतं, म्हणून आपण त्याला शिष्यांच्या यादीने मोजतो. आचरेकर सर म्हटलं की तेंडुलकर, कांबळी, आमरे, आगरकर. सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ च्या हंगामात, म्हणजे बापूंच्या निर्धाव षटकांच्याच हंगामात. स्टम्पवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं आता दंतकथा झालं आहे. पण ते कधी ठेवायचे ते बघा: सराव संपत आलेला, मुलगा दमलेला, पाय जड झालेले. जो बाद करेल त्याला रुपया, नाबाद राहिला तर फलंदाजाला. म्हणजे भोवतीच्या प्रत्येक पोराला त्याची विकेट हवीच, आणि याला थकल्यावर चूक करायची सोय नाही. दुसरं साधन म्हणजे स्कूटर. एका मैदानावर डाव संपला की मुलाला मागे बसवून दुसऱ्या मैदानावरच्या सामन्यात उतरवायचं. व्याख्यान देणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात. सरांचं शिकवणं म्हणजे परिस्थिती तयार करून गप्प उभं राहणं. शिवाजी पार्कला २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं स्मारक झालं, चांगलं झालं.

प्रशिक्षकाचा खेळ त्याच्या निर्णयात शोधावा लागतो. १९६२, जकार्ता, आशियाई खेळ. फुटबॉलचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. बचावातला जर्नैल सिंग डोक्याला जखम होऊन टाके घातलेला. दुसऱ्या कुणी त्याला बाहेर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर नेलं! उपांत्य फेरीत त्याने गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. एक पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नैलचा, २-१. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला रहीम कर्करोगाने गेले. त्या सुवर्णपदकात त्यांचा गोल कुठला, असं कुणी विचारलं तर मी जर्नैलचा दाखवीन.

त्याच जकार्तात आपले दोन गडी होते. कवठेपिरानचे मारुती माने, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आणि गणपतराव आंदळकर, बरोबर उलटं: ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पायांचा वापर नाही. पट काढण्यावर, म्हणजे पाय धरून पाडण्यावर, पोसलेल्या मातीतल्या पैलवानाने त्यात सुवर्ण घ्यायचं म्हणजे अर्धं शरीर विसरून लढायचं. आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. दादू चौगुले त्यांच्याच हाताखालचे, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य त्यांचं. वस्ताद सप्टेंबर २०१८ मध्ये गेले, शिष्य ऑक्टोबर २०१९ मध्ये. तालमीत काही लिहून ठेवत नाहीत. डाव अंगातून अंगात जातो, आणि मधली दोन अंगं गेली की सांगणारा राहत नाही.

ओ. एम. नंबियार यांचंही असंच. पी. टी. उषाचे गुरू, एवढीच ओळख. उषाला ४०० मीटर अडथळ्यांकडे वळवलं त्यांनी. लॉस एंजेलिसला १९८४ साली ही शर्यत महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होणार होती, म्हणजे दार नुकतंच उघडलं होतं. ५५.४२ सेकंद, ब्राँझ हुकलं एक शतांश सेकंदाने. हुकलेला शतांश सगळ्यांना आठवतो, धावपटूला अडथळ्यांवर नेण्याचं धाडस कुणाचं ते नाही.

आणखी एक आठवण, थोडी कडू. जून २०२१, मोहाली. निर्मल कौर १३ तारखेला गेल्या, पाच दिवसांनी चंडीगडला मिल्खा सिंग. भारताच्या महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या त्या. मथळे मात्र ‘मिल्खा सिंग यांच्या पत्नीचे निधन’. त्या कोणत्या जागेवर खेळायच्या, सर्व्हिस कशी होती, मला एकाही बातमीत सापडलं नाही.

तर एक विनंती. तुमच्या मंडळात, शेजारच्या गावात जुनी माणसं अजून आहेत. कबड्डीतले चढाईपटू, खो-खोतले संरक्षक, गुणलेखक, खेळपट्टी करणारे. त्यांचा सत्कार करा, शाल द्या, पण त्याआधी मोबाइल चालू करून अर्धा तास बसा. बालपण कसं गेलं हे नंतर विचारा. आधी विचारा, कोपरारक्षक पकड कुठे धरायचा? खो-खोत पोल मारताना हात आधी की पाय? समोरचा कोण होता, ज्याच्याविरुद्ध तुमचं काही चालायचं नाही? आणि का चालायचं नाही? या शेवटच्या प्रश्नाला म्हातारी माणसं सावरून बसतात, आणि ज्याच्यावर कधी कुणी ओळही लिहिली नाही असा एखादा खेळाडू त्या उत्तरातून बाहेर येतो.

माझी वेळ संपली आहे. प्रश्नोत्तरांआधी माझाच एक प्रश्न. मागच्या रांगेत कान तुटलेले दोन-तीन जण दिसताहेत, म्हणजे माती अंगाला लागलेली आहे. ढाक आणि कलाजंग या दोन डावांत हाताची पकड नेमकी कुठे बदलते, हे त्यांनी जरा पुढे येऊन दाखवावं.