कुकरची शिट्टी आणि एक कोटीची अनामत

नमस्कार मंडळी! निर्यात म्हटली की आपल्याला हापूसच्या पेट्या आठवतात, न्हावाशेवा बंदर आठवतं. आज मात्र बोलायचंय फोनवरून होणाऱ्या निर्यातीबद्दल, म्हणजे इथं बसून परदेशी गिऱ्हाइकाला दिलेल्या सेवेबद्दल.

गोष्ट मार्च २०२० ची, पुण्यातली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा मुलगा हिंजवडीच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला. टाळेबंदीच्या चार दिवस आधी गडी ऑफिसचा अख्खा कॉम्प्युटर स्कूटरवर सुतळीनं बांधून, जुन्या चादरीत गुंडाळून घरी घेऊन आला. जिन्यात सगळे बघायला, जणू फ्रिज आलाय! स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्याची अमेरिका सुरू झाली.

एकदा रात्री साडेआठला तो ओहायोतल्या एका आजोबांची क्रेडिट कार्डाच्या बिलाची तक्रार ऐकत होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आजोबा म्हणाले, “तुमचं ऑफिस रेल्वे स्टेशनात आहे का?” दुसरी शिट्टी. यानं सांगून टाकलं, “नाही सर, आईनं वरणभात लावलाय.” मग काय! आजोबाही घरात एकटेच कोंडलेले. वरण म्हणजे काय, त्यात हळद कशाला, शिट्ट्या किती? (तीनच! पाच शिट्ट्या करून डाळीची खळ करणाऱ्यांशी माझं जमत नाही.) बिलाचं काम चार मिनिटांत झालं, वरणाचं तेरा. टीम लीडरनं कॉल लांबला म्हणून झापलं आणि आजोबांनी दिले दहापैकी दहा.

आता गंमत ऐका. हाच फोन दोन महिने आधी त्या खोलीतून घ्यायचा असता, तर कंपनीला सरकारकडे एक कोटी रुपयांची अनामत ठेवावी लागली असती. एक कोटी! आणि हा नियम अमेरिकेचा नव्हता बरं का. नियम आपलाच होता.

१९९९ च्या दूरसंचार धोरणानं कॉल सेंटरांना ‘ओएसपी’ (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर, म्हणजे इतर सेवा पुरवणारे) म्हणून नोंदणी लावली. घरून काम करायचं, तर वर ही अनामत. धास्ती अशी, की खासगी लाइनवरून परदेशी फोन फिरवून आयएसडीचं, म्हणजे परदेशी फोनच्या दराचं, उत्पन्न बुडवतील. पुढे आपण सगळे व्हॉट्सॲपवर फुकट बोलायला लागलो, नियम मात्र होता तिथंच. गिऱ्हाईक तयार, मुलगा तयार, आडवा आला तो आपलाच कागद. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा-व्यापाराच्या करारात सहावं कलम देशादेशांच्या अशाच स्वतःच्या नियमांबद्दल आहे, पण त्यावर बोलायला लागलो तर तुमची पोळी करपेल.

मार्च २०२० मध्ये अनामतीची अट तात्पुरती उठली, नोव्हेंबरमध्ये नोंदणीसकट कायमचीच गेली. जून २०२१ मध्ये देशी आणि परदेशी कॉल सेंटर हा भेदही पुसला. लक्षात ठेवा, नियम आपलाच होता, म्हणूनच तो आपल्याला काढता आला.

मुलगा अजून घरूनच काम करतो. आई मात्र आता कुकर सातलाच लावते.