दुकानाच्या बिलात दुष्काळ कुठून आला?

नमस्कार मंडळी! आज आपण एक बिल वाचणार आहोत. मुंबईतल्या किराणा दुकानाचं, मालमत्ता कराचं.

आधी बिल्डिंग डोळ्यांसमोर आणा. तळमजल्याला दुकान, वर खोल्या. वरचं घर ५०० चौरस फुटांच्या आत असेल, तर २०२२ पासून त्याला मालमत्ता कर माफ. खालच्या दुकानाला मात्र, अगदी पानाच्या गादीएवढं असलं तरी, ही माफी नाही.

आता ओळी बघा. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, पथ कर, वृक्ष उपकर... नावातच सगळं आलं, पुढे जाऊ. शिक्षण उपकरापाशी थांबा, कारण तो दोनदा आहे! एक पालिकेचा, एक राज्याचा. पालिकेचा तिच्याच तिजोरीत जातो, आणि मराठी-उर्दूपासून तमिळ-कन्नडपर्यंत आठ भाषांतल्या पालिका शाळा त्याच तिजोरीवर चालतात. राज्याचा उपकर पालिका नुसता वसूल करते आणि सरकारजमा करते. त्याचा दरही घरापेक्षा दुकानाला चढा.

आणि ही माझी लाडकी ओळ: रोजगार हमी उपकर. हा फक्त बिगरनिवासी जागांना लागतो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, बंधारे बांधायला उतरली. त्यातून आपली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? शहरातून! एक हा उपकर, दुसरा १९७५ चा व्यवसाय कर. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच. म्हणजे दादरच्या कापडवाल्याचे चार पैसे दुष्काळी तालुक्यातल्या मजुरीला लागायचे. दोघांनाही बहुधा पत्ता नसेल.

बिलाबाहेरही पालिका व्यापाऱ्यांकडून पैसा घ्यायची. जकात आठवते, शहरात येणाऱ्या मालावरचा कर? मुलुंड, दहिसर, मानखुर्दला ट्रकांच्या रांगा, डिझेलचा धूर, चिरीमिरी. व्यापारी शिव्या घालायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण पैसा थेट पालिकेकडे यायचा, रोजच्या रोज. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाके बंद झाले. त्याबदल्यात राज्य भरपाई देऊ लागलं. मुंबईचा पहिला हप्ता होता सुमारे ६४७ कोटींचा. सूत्र असं, की २०१६-१७ चं उत्पन्न धरायचं आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची.

मला इथेच खटकतं. पूर्वी शहरात माल वाढला की नाक्यावरचा गल्लाही वाढायचा. आता बाजार तेजीत असो नाहीतर मंदीत, हप्ता ठरलेला. मंदीत हे बरंच आहे म्हणा. पण पालिकेची नजर नाक्यावरून उठून मंत्रालयाकडे लागली. बाजारपेठ भरली काय नि ओस पडली काय, तिचा आकडा हलत नाही.

तुमचं दुकान असेल तर बिल काढा, रोजगार हमीच्या ओळीसमोर किती रुपये आहेत ते कमेंटमध्ये टाका. गाळा भाड्याचा असेल, तर ते बिल कोण भरतं तेही सांगा!