आधी फरशी बघा

मंडळी, पाय काढावा लागलेल्या कुत्र्यांना घरी कसं सांभाळायचं, ते सांगतो. एका कुत्रीपासून सुरुवात करतो. राणी. गावठी, तांबूस रंगाची, वजन १८ किलो. मोटारसायकलची धडक बसली होती. हाड कुठंच मोडलं नव्हतं, तरी पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता. खांद्याला जोराचा हिसका बसला की मानेकडून पायात उतरणाऱ्या नसांचा जुडगा मुळापासून तुटू शकतो. मग चिमटा काढला तरी जनावर वळून बघत नाही. पंजा उलटा पडून रस्त्यावर घासत राहतो, जखम होते, जखमेत अळ्या पडतात. राणी माझ्या टेबलावर आली तेव्हा दोन बोटं झिजून आतलं हाड दिसत होतं.

घरातल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, देवानं दिलेला पाय आहे. राहू दे की तसाच." मी म्हटलं, "आजी, पाय धडक बसली त्याच दिवशी गेला. आता ती नुसतं ओझं ओढतेय." आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग राणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काढा."

अशा वेळी आम्ही पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतो. लोकांना वाटतं, थोडा तरी ठेवायचा. पण अर्धा ठेवलेला खुंट उठता-बसता आपटतो आणि पुन्हा जखमा होतात.

आता घरी नेल्यावर काय, ते सांगतो. पहिले तीन-चार दिवस घरच्यांना फार जड जातात. टाक्यांची लांब रेघ दिसते, आजूबाजूला काळंनिळं झालेलं असतं, आणि ते काळंनिळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली पोटाकडे उतरतं. रात्री अकराला फोन येतो, "डॉक्टर, आपण चूक तर नाही ना केली?" घाबरू नका, ते रक्त साकळून खाली सरकतंय. मात्र जखमेतून पू आला, वास आला किंवा कुत्र्यानं दिवसभर तोंडात काही घेतलं नाही, तर लगेच घेऊन या. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी.

दुखण्याची गोळी मात्र आम्ही लिहून देऊ तीच. घरातल्या डब्यातली अंगदुखीची गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आणि कधी कधी टाके सुकल्यावरही कुत्रं बसल्या बसल्या दचकून ओरडतं, पाय होता त्या जागेकडे वळून बघतं. घरचे म्हणतात, लाड हवेत त्याला. लाड नव्हेत ते, तुटलेली नस ठणकत असते. त्याला वेगळं औषध आहे. आम्हाला सांगा, अंगावर काढू देऊ नका.

राणी तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात मातीवर तीन पायांवर उभी राहिली. घरी गेली आणि कोपऱ्यातून हलेना. पाच दिवस. घरच्यांनी ठरवून टाकलं की तिनं हाय खाल्ली. मी घरी गेलो. हॉलभर गुळगुळीत चकचकीत टाइल्स! ती उठायला गेली की उरलेला पुढचा पाय बाहेर सरकायचा आणि हनुवटी फरशीवर आपटायची. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा तिनं उठणंच सोडलं. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. आता पुढचा भार तोलायला एकच पंजा, आणि त्याच्याखाली काचेसारखी फरशी!

आजींनी माळ्यावरच्या जुन्या सतरंज्या काढल्या, धान्याची रिकामी पोती उसवली. तिच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत वाट अंथरली, कडा चिकटपट्टीनं फरशीला चिकटवल्या. राणीनं पोत्यावर पंजा ठेवला, नखं रुतवून बघितली आणि दारापर्यंत गेली. पाणी स्टुलावर ठेवलं, म्हणजे मान फार खाली घालून तोल जायला नको. म्हणून मी सगळ्यांना विचारतो, घरात फरशी कुठली? पंज्याच्या गाद्यांमधले केसही कापा, नखं वाढू देऊ नका.

मागचा पाय गेलेल्याला जिना चढताना अडतं, पुढचा गेलेल्याला उतरताना. सुरुवातीला पोटाखालून जुनी ओढणी घालून आधार द्या. फक्त आधार द्यायचा, उचलून न्यायचं नाही. फिरवायला नेलं की लोक म्हणतात, "सावकाश, सावकाश!" पण तीन पायांवर हळू चालणंच अवघड असतं, उड्या मारत जाणं सोपं. त्याच्या चालीनं जाऊ द्या, पण पाचच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा.

आणि वजन. आख्खी गल्ली "बिचारी" म्हणते आणि बिस्किटं घालते. त्या बिस्किटांचा भार उरलेल्या तीन पायांच्या सांध्यांवर येतो. राणी चार महिन्यांत २१ किलोची झाली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहायला लागली. मी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, तिच्यावर माया असेल तर हातानं कुरवाळा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, एवढंच माप लक्षात ठेवा. पुढं ती १७ वर आली.

मागचा पाय गेलेल्या कुत्र्यांचं एक सांगायचं राहिलं. कान खाजला की ती बसतात, मान वाकडी करतात, आणि जिथं पाय होता तिथलं मांसच भराभर हलतं. कानापर्यंत काहीच पोचत नाही. मान तशीच वाकडी ठेवून ती तुमच्याकडे बघत राहतात. त्या बाजूचा कान रोज तुम्ही खाजवायचा, आणि खाजवताना आत मळ, गोचीड, घाण वास आहे का तेही बघून घ्यायचं.