दिवाळीचा फ्रॉक कापायचा कधी?

[दृश्य: लातूर, गंजगोलाई. सकाळची वेळ, दुकानांची शटरं वर जाताहेत.]

सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती ही लातूरची गंजगोलाई. आपण आलोय लेकरांच्या कपड्यांसाठी. इथल्या दुकानांतून एक मागणी दिवसभर कानावर पडते: "दादा, जरा वाढतं दाखवा. पुढच्या साली बी आलं पायजे."

दोन वर्षांपुढचं मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतं. यंदा बरोबर बसलेला फ्रॉक पुढच्या दिवाळीला आखूड होणार, हे आईला पक्कं ठाऊक असतं. मोठ्यांचे कपडे जुने वाटावेत म्हणून कंपन्यांना जाहिराती कराव्या लागतात. लेकरांच्या बाबतीत ते काम निसर्गच फुकट करून देतो. त्यामुळे झटपट फॅशनच्या, म्हणजे भराभर नवा स्वस्त माल काढून जुना बाद करणाऱ्या धंद्याला मुलांचे कपडे फार मानवतात. त्याच दुकानात उभी असलेली आई मात्र वर्षभराचा कपडा दोन वर्षं ताणायच्या विचारात असते.

[दृश्य: दुकानातलं कपाट. खोक्यांवर आकडे: 20, 22, 24, 26.]

या कपाटातला माल येतो तरी कुठून? टी-शर्ट तिरुपूरचे, बाबा सूट, म्हणजे छोट्या पोरांचे शर्ट-पँटचे जोड, बहुधा कोलकात्याच्या मेटियाब्रुजचे, स्वेटर लुधियानाचे, शाळेचे गणवेश शेजारच्या सोलापूरचे. परभणी, मानवत, सेलू, जालना या पट्ट्यातला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो आणि त्याच धाग्याचा कपडा परत येतो तेव्हा त्यावर दुसऱ्याच गावाचं लेबल असतं. त्यावर बोलायचं तर वेगळी फिल्म करावी लागेल.

आपला विषय आहे इथे शिवणाऱ्यांचा. पंधरा-वीस मशीन, एक कटिंग मास्तर, काज-बटणाला दोन बाया, धागे कापायला आणि प्रेसला आणखी चारजण. अशा छोट्या युनिटांचा हिशोब दिवाळीपासून उलटा सुरू होतो.

2026 ची दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. माल दुकानात लागला पाहिजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचं बिल सप्टेंबरअखेर फाटायला हवं. म्हणजे शिवण ऑगस्ट-सप्टेंबरात, कापड जुलैत, आणि सॅम्पल पास होऊन डिझाइन ठरायला हवं जूनमध्ये. तिकडे पाऊस पडलाय की नाही, पेरणी झालीय की नाही, याचा पत्ता नसताना इकडे दिवाळीच्या फ्रॉकचा रंग ठरतो. मराठवाड्यात कापडाच्या धंद्याची खरी जोखीम इथेच आहे, कारण इथलं गिऱ्हाईक पगारापेक्षा सोयाबीनवर जास्त अवलंबून.

[दृश्य: मोंढ्यात सोयाबीनची पोती, वजनकाटा.]

सोयाबीन साधारण शंभर दिवसांचं पीक. जूनअखेर पेरलं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणीला येतं. 2025 मध्ये दिवाळी 20-21 ऑक्टोबरलाच आली होती. नीट पीक आलं असतं तरी मळणी, वाळवण आणि विक्री घाईतच उरकावी लागली असती. त्यात सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सीना, मांजरा, गोदावरीला पूर आले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. दिवाळीचा माल तोवर शिवून तयार होता.

2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दिवाळी अठरा-एकोणीस दिवस पुढे गेली. इथल्या व्यापाऱ्यासाठी हे चांगलंच. सोयाबीन विकून झालेलं असेल, कापसाची पहिली वेचणीही हातात असेल, आणि पहाटे गारवा असल्याने पूर्ण बाह्यांचे कपडेही खपतील. पण याच अधिक महिन्याने, 17 मे ते 15 जून, लग्नसराईला मध्येच खिंडार पाडलं. लेकरांचे घागरे आणि शेरवान्या मेच्या मध्याआधी विकल्या तर विकल्या. पंचांग न बघता नुसत्या इंग्रजी महिन्यांवर आखणी करणाऱ्याला हे कळणारच नाही.

[दृश्य: शाळेची दिंडी. पांढरे सदरे, इवल्या नऊवारी.]

दिल्ली-तिरुपूरच्या कॅलेंडरात न सापडणारे कितीतरी सीझन इथे आहेत. 3 जानेवारीला वर्गावर्गांत सावित्रीबाई, 12 जानेवारीला जिजाऊ. 19 फेब्रुवारीला मावळे. 14 एप्रिलला भीमजयंती, तेव्हा दारिद्र्यातल्या घरातही लेकराच्या अंगावर नवा पांढरा ड्रेस चढतो. आषाढी एकादशीला विठ्ठल-रखुमाई, गोकुळाष्टमीला कृष्ण. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून मागल्या वर्षाची वही उघडून तीच तारीख धरता येत नाही.

हे छोटे सीझन मोठ्या ब्रँडला परवडत नाहीत. त्यांना एका डिझाइनचे हजारो नग लागतात. पन्नास मावळे आणि तीस सावित्री शिवायच्या तर त्या गल्लीतल्या मशीनवरच. माझ्या मते इथल्या शिलाईवाल्यांची खरी ताकद हीच. पण त्यातले बरेचजण ती सोडून मॉलच्या टी-शर्टशी भावात झुंजायला जातात, आणि तिथे जिंकणं अशक्य आहे.

[दृश्य: कटिंग टेबल. कापडाचे थर, खडूच्या खुणा.]

आता जगातले वेगवान ब्रँड काय करतात ते बघू. स्पेनच्या झाराचं नाव निघतं ते डिझाइनपासून दुकानापर्यंत दोन-तीन आठवड्यांत पोचणाऱ्या मालामुळे. लोकांना वाटतं तिथल्या मशीन भयंकर पळत असतील. पण शिवायचा वेग कितीसा वाढणार? वीस मशीन, आठ तास, म्हणजे 9600 मिनिटं. नव्या युनिटात निम्मी हाती लागली तरी ठीक. एका फ्रॉकला बारा मिनिटं धरली तर दिवसाला 400 नग. फार जोर लावला तर 500. दिवाळी त्यावर तरत नाही.

खरा वेळ वाचतो तो निर्णय लांबवून. इटलीच्या बेनेटनने स्वेटर आधी बिनरंगाचे विणून ठेवायची आणि कुठला रंग खपतोय ते बघून नंतर रंगवायची पद्धत आणली होती. आपल्याकडचा कटिंग मास्तर तेच दोन शब्दांत सांगेल: कापलेलं कापड फ्रॉकच होणार, न कापलेलं उद्या काहीही होईल. त्याचा कुर्ता होईल, परकर होईल, नाहीतर कापड म्हणून परत विकता येईल.

म्हणून हिशोबी युनिटवाला जुलैत सगळं कापड कापत नाही. निम्मा माल आधी शिवतो, निम्मं कापड ठेवतो. पोळ्यापर्यंत पिकाचा रंग दिसतो, कुठल्या गावच्या दुकानदाराची फेरमागणी येतेय ते कळतं, मग उरलेल्यावर कात्री चालते. यात कापडाचे पैसे अडकतात, हे खरं. पण न खपलेल्या तयार मालात अडकले तर ते सुटतच नाहीत.

कात्रीइतकंच महत्त्वाचं मापांचं गणित. घाऊक माल सेटमध्ये जातो, 22 पासून 32 पर्यंत प्रत्येक मापाचा एक-एक नग. दुकानात मधली मापं आधी संपतात, कडेची पडून राहतात. त्यात आपल्या आया एक-दोन मापं वरचीच घेणार, म्हणजे खप आणखी वर सरकतो. मधली मापं जास्त कापली तरी दुकानदाराचा डेड स्टॉक, म्हणजे पडून राहिलेला माल, बराच आटोक्यात येतो. एवढी साधी गोष्ट करायची तर दुकानात उरलेले आकडे युनिटपर्यंत पोचायला हवेत, आणि दुकानदार ते सहसा सांगत नाही. उधारीचा विषय निघेल अशी त्याला भीती असते!

[दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा, प्रार्थना.]

मापाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते अख्ख्या राज्याने पाहिलं. 2024-25 ला सरकारी शाळांचा गणवेश राज्य पातळीवरून एकत्र द्यायचं ठरलं. कापड वरून येणार, शिवणार बचत गटांच्या महिला. शाळा जूनमध्ये उघडल्या, गणवेश कितीतरी ठिकाणी नंतर आले, आणि आले तेव्हा मापांच्या तक्रारी. डिसेंबर 2024 मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आलं. शिवणाऱ्या बायांचा यात दोष नव्हता. मापं उशिरा आली की कुणीही अंदाजानेच कापणार.

[दृश्य: तुटलेल्या सुयांचे तुकडे चिकटवलेली वही.]

घाईत सगळ्यात आधी गाळली जाते ती ही वही. सुई तुटली तर तिचा तुकडा लेकराच्या कपड्यात राहू नये म्हणून सगळे तुकडे जुळवून इथे चिकटवायचे. एक जरी कमी पडला तरी तो सापडेपर्यंत त्या जागचा माल पुढे जात नाही. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला ओढायची नाडी चालत नाही, घसरगुंडीत अडकून फास बसू शकतो म्हणून. आपल्याकडच्या जॅकेटांना अजूनही सर्रास नाड्या दिसतात. बटण ओढून बघायला काही सेकंद लागतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तेही जड वाटतात, म्हणून तपासणीचे दिवस वेळापत्रकात आधीच धरावे लागतात, उरल्या वेळात ती होत नाही.

[दृश्य: दिवाळीनंतरचं युनिट. कोपऱ्यात गठ्ठे.]

भाऊबीज झाली की उरलेला माल आठवडी बाजाराच्या गाडीत चढतो, मिळेल त्या भावाला. मास्तर टेबल झाडून घेतो. शाळांचे फोन सुरू झालेत: स्नेहसंमेलनाला बारा मावळे, आठ कोळणी, एक शिवाजी महाराज. मापं उद्या पाठवतो म्हणालेत.