साप दिसावा असं वाटत असेल तर आधी त्याला लपायला जागा द्या

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पाळलेल्या सापाच्या घराबद्दल, म्हणजे ते एन्क्लोजर, काही जण टेरॅरियम म्हणतात. असं एन्क्लोजर की बघणारा जाता जाता थांबेल, आणि जे वर्षानुवर्षं टिकेल पण. टिकायलाच हवं, कारण कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे पाळले जाणारे दोन बिनविषारी साप घ्या, कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर 15-20 वर्षं जगतो आणि बॉल पायथन 20-30 वर्षं, त्यामुळे दर दोन वर्षांनी फळ्या फुगल्या, काच अडकली म्हणून घर बदलत बसायचं म्हणजे त्या जिवाचे हाल आणि आपलेही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, मी बोलतोय ते पाळीव म्हणून जन्मलेल्या बिनविषारी सापांबद्दल. रानातला साप पकडून घरी आणायचा नाही, आणि साप पाळण्याबद्दल तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो ते साप घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आता मूळ मुद्दा. डिस्प्लेसाठी म्हणून जे बनवतात ना, त्यात बहुतेक वेळा चारही बाजूंनी काच, तळाला पातळसा थर, मध्ये एक वाटी, एक प्लास्टिकची वेल आणि वर झगझगीत दिवा असतो. माणसाला सगळं छान दिसतं, पण सापालाही चारही बाजूंनी सगळं दिसतं आणि पाठ टेकायला कुठेच जागा नाही. असा साप एकतर कोपऱ्यात आक्रसून पडून राहतो किंवा रात्रभर काचेच्या कडेने नाक घासत फिरतो, आणि काही दिवसांनी त्याच्या नाकावरचा खवला सोलवटलेला दिसतो. तो फिरतोय म्हणून आपण खूश होतो, पण तो बाहेर पडायची वाट शोधत असतो.

उलट ज्या एन्क्लोजरमध्ये तीन बाजू बंद आहेत, पालापाचोळा आहे, ओंडके आहेत, दोन-तीन बिळं आहेत, फांद्यांची गर्दी आहे, तिथे सुरुवातीला वाटतं की साप दिसणारच नाही. आणि तोच साप काही आठवड्यांनी संध्याकाळी डोकं बाहेर काढून बसतो, जीभ लपलपवत हवेचा अंदाज घेतो आणि सावकाश एका आडोशातून दुसऱ्या आडोशाकडे निघतो. कारण कुठेही असला तरी लपायची जागा हाताच्या अंतरावर आहे हे त्याला कळलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की डिस्प्लेचा विचार सापाच्या बाजूने सुरू करा, देखणेपणा त्यातूनच येतो.

साईजचं आधी बघू. लांबी निदान सापाच्या लांबीएवढी हवी, म्हणजे त्याला एकदा तरी सरळ ताणून पडता आलं पाहिजे. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनला 4 फूट लांब, 2 फूट खोल, 2 फूट उंच ही साईज चांगली सुरुवात आहे, त्याहून मोठी जमली तर उत्तमच. लहान पिल्लू मोठ्या जागेत घाबरतं असं म्हणतात ना, ते रिकाम्या मोठ्या जागेत घाबरतं, भरलेल्या जागेत नाही.

आता कशाचं बनवायचं. पूर्ण काचेचं सुंदर दिसतं पण काच जड असते आणि उष्णता धरून ठेवत नाही. 5 मिलिमीटर काचेचं एक चौरस मीटर साडेबारा किलो भरतं, त्या हिशोबाने 4 बाय 2 बाय 2 ची नुसती काचच 30 किलोच्या वर जाते. माझी पसंती पीव्हीसी शीटला, 10-12 मिलिमीटर जाडीची, पाण्याने फुगत नाही, पुसायला सोपी, ऊब टिकते, उचलायला हलकी. प्लायवूडही चालतं आणि दिसायला लाकडाची मजा वेगळीच, फक्त आतून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निशचे तीन-चार हात मारायचे, सगळ्या सांध्यांवर सिलिकॉनची रेघ ओढायची आणि मग वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवायचं, त्याला काही आठवडे लागू शकतात, घाई करू नका. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच घ्या, ॲक्वेरियमसाठी मिळतं ते. आणि सीडर लाकूड नको, त्याचा भुसाही नको, त्यातली सुगंधी तेलं सापाला घातक असतात.

चार फुटी छत मध्ये झुकतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वर दिवे लटकणार, कदाचित वर दुसरं एन्क्लोजरही ठेवलं जाणार, मग छत दोन मिलिमीटर झुकलं तरी पुढची सरकती काच खाचेत अडकायला लागते. म्हणून छताच्या पुढच्या कडेला आतून एक आडवी पट्टी मारायचीच, 8-10 सेंटीमीटर रुंद. तीच पट्टी पुढे दिवे लपवायला पण कामी येते.

दार समोरून उघडणारं हवं. निसर्गात सापावर झडप वरून येते, पक्षी वरून येतो, त्यामुळे झाकण उघडून वरून हात घातला की पाळीव सापसुद्धा दचकतो. समोरून सरकत्या दोन काचा, त्याला कुलूप, आणि काचेच्या खाली 12-15 सेंटीमीटरचा उंबरठा. हा उंबरठा मातीच्या पातळीपेक्षा वरच पाहिजे, नाहीतर सापाने उकरलेली माती खाचेत पडते, काच करकरते आणि एक दिवस पूर्ण बंद होत नाही, मग साप कपाटामागे शोधावा लागतो. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे मध्ये बारीक फट राहते, ती नीट बघा. साप त्या फटीवर येऊन थांबतो, आधी जीभ घालतो, मग नाक दाबतो, आणि डोकं गेलं की अख्खा साप गेला. मोठ्या सापाला ती फट काही कामाची नाही, पण पिल्लू सहज निघून जातं. तिथे पारदर्शक सीलची पट्टी लावायची. वायरीसाठी पाडलेल्या भोकांचंही तेच, वायर जाईल एवढंच भोक आणि उरलेली जागा बंद.

आता उष्णता, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सापांना होणाऱ्या बऱ्याच इजा इथूनच होतात. साप स्वतःच्या शरीराची उष्णता बनवत नाही, तो जागा बदलून तापमान सांभाळतो, म्हणून एन्क्लोजरचं एक टोक गरम आणि दुसरं गार असलंच पाहिजे. बॉल पायथनला गरम बाजूला 31 ते 33 अंश सेल्सिअस, गार बाजूला 24 ते 27. कॉर्न स्नेकला गरम बाजू 29 ते 31 आणि गार बाजू 22 ते 25 च्या आसपास. दिवसा वरून ऊब देणारा हॅलोजन चांगला, उन्हासारखी ऊब अंगात आतपर्यंत जाते, आणि रात्री खोली फार गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. रात्री लाल बल्ब लावायची पद्धत आहे ती सोडून द्या, साप त्या उजेडात आंधळा नसतो, त्याला अंधारच हवा.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, काहीही लावायचं नाही, खालून ऊब देणारी मॅट नाही, बल्ब नाही, काहीच नाही. साप गरम जागेवर पडून राहतो आणि त्वचा भाजतेय तरी तिथून उठेलच याची खात्री नसते, पोटाखालचे खवले तपकिरी पडल्यावर आपल्याला कळतं. थर्मोस्टॅटचा जो सेन्सर असतो तो साप प्रत्यक्ष जिथे बसतो त्या जागी आणि पक्का बसवायचा. सैल ठेवला तर साप अंगाने ढकलून तो पाण्याच्या भांड्यात पाडतो, सेन्सरला वाटतं गार आहे आणि वरचा बल्ब पूर्ण ताकदीने तापत राहतो. त्यामुळे दुसरा एक वेगळा डिजिटल थर्मामीटर लागतोच. काचेला चिकटवायचे ते गोल काट्यावाले मीटर दिसतात छान, पण त्यांच्यावर विसंबू नका. आणि आत असलेल्या प्रत्येक बल्बभोवती जाळीचा पिंजरा, स्क्रूने घट्ट, कारण साप वर चढून गरम बल्बला वेटोळं घालतो आणि सोडत नाही.

हवा आणि दमटपणा एकत्रच बघायचा. बॉल पायथनला साधारण 55 ते 70 टक्के, कॉर्न स्नेकला 40 ते 60. हवा कोरडी पडली की कात एकसंध निघत नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला एक आवळलेलं कडं राहून जातं आणि डोळ्यावरचा पापुद्रा तसाच चिकटून राहतो. शेपटीवरचं कडं तसंच राहिलं तर रक्तपुरवठा अडून टोक मरतं. आणि जमीन सतत ओली राहिली तर पोटाचे खवले कुजतात. म्हणून तळाची माती खालून ओलसर, वरून कोरडी अशी ठेवायची, वरून फवारत बसण्यापेक्षा कोपऱ्यातून पाणी ओतलं की ते खाली जातं. हवेसाठी गार बाजूला खाली भोकं आणि गरम बाजूला वर भोकं, म्हणजे गार हवा आत येते, तापून वर जाते, आपोआप फिरत राहते. तुमच्याकडे वरून पूर्ण जाळी असलेली काचेची टाकी असेल तर जाळीचा बराचसा भाग झाकून टाका, दमटपणा तिथूनच पळतो.

आता सजावट. मागची भिंत हा या कामातला सगळ्यात मजेचा भाग. थर्माकोलचे किंवा फोमचे थर चिकटवायचे, सुरीने खडकासारखे कपार-कोपरे कोरायचे, त्यावर टाईलचं ग्राऊट, पहिला हात पातळ म्हणजे तो बारीक खाचांत जातो, मग दोन हात जाड, प्रत्येक हाताला वेगळी छटा, आणि शेवटी बिनविषारी सीलर. कोरतानाच भिंतीत एक-दोन रुंद खणासारखे कट्टे ठेवा, एखादी ढोली ठेवा जिच्यात साप मावेल पण सैल बसणार नाही. सापाला बिळ अंगाला घट्ट लागतं. वेटोळं घातल्यावर पाठ चारही बाजूंना टेकली की तो शांत होतो. निदान दोन बिळं हवीत, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, आणि शक्यतो सारखीच, नाहीतर तो आवडत्या बिळासाठी नको त्या तापमानात बसून राहतो. कात टाकायच्या दिवसांसाठी ओलं शेवाळ भरलेलं तिसरं बिळ दिलंत तर फारच छान.

फांद्या सापाच्या अंगाएवढ्या तरी जाड घ्या आणि बाहेरच्या बाजूने स्क्रू-वॉशर घालून आवळा, नुसत्या टेकवून ठेवायच्या नाहीत. बॉल पायथन जमिनीवरचा साप म्हणून त्याला फांदी देत नाहीत लोक, पण दिली की तो चढतो, आणि चढलेला बॉल पायथन बघणं यासारखं सुख नाही. दगड ठेवायचे असतील तर आधी थेट तळावर दगड, मग भोवती माती. मातीवर दगड ठेवला आणि सापाने खालून उकरलं तर तो दगड त्याच्याच अंगावर बसतो.

जिवंत झाडं लावणार असाल तर मनी प्लांट आणि स्नेक प्लांट दणकट, सापाच्या वजनाखाली आडवी होऊन पुन्हा उभी राहतात. त्यासाठी तळाला 4-5 सेंटीमीटर मातीच्या भाजलेल्या गोळ्या, त्यावर जाळी, त्यावर माती, आणि मातीत स्प्रिंगटेल, आयसोपॉड असे बारीक जीव सोडतात, ते बुरशी आणि घाण खातात. मोठी विष्ठा मात्र तुम्हालाच उचलायची आहे. एन्क्लोजर कशावर ठेवताय तेही बघा, 4 बाय 2 फुटांत 10 सेंटीमीटर थर म्हणजे 70 लिटरच्या वर माती लागते, वाळूमिश्रित ओली असेल तर तिचंच वजन 80-90 किलो होऊ शकतं. स्टँड लेव्हलमध्ये आणि भक्कम हवा.

उजेडाबद्दल एक सांगतो, जे फार कमी जण करतात. एलईडी मागे लावला तर साप काळी सावली दिसतो. तो पुढच्या त्या आडव्या पट्टीमागे लपवा, म्हणजे उजेड सापाच्या आपल्याकडच्या बाजूवर पडतो आणि आपल्या डोळ्यात येत नाही. रेनबो बोआसारखा साप असेल तर हा तिरका उजेड लागतोच, त्याच्या खवल्यांवर अतिसूक्ष्म रेघा असतात, त्यांच्यावर उजेड कलून पडला की तपकिरी अंगावर निळा-हिरवा झळाळ सरकत जातो. दिवे 12 तास चालू, मग पूर्ण बंद. समोर खिडकी नको, काचेत तीच दिसते, आणि थेट ऊन तर अजिबात नको, बंद काचेत थोड्या वेळात जीवघेणी उष्णता होते. स्पीकर आणि आपटणारं दार यांच्यापासूनही लांब ठेवा, साप कंपनं अंगाने ओळखतो.

सगळं झालं की निदान आठवडाभर रिकामं चालवा, दुपारी, रात्री, पहाटे आकडे बघा, खिडकी उघडी असताना काय होतं ते बघा. मगच साप सोडा. पहिले काही दिवस पुढच्या काचेचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकून ठेवा आणि हात घालायचा तो फक्त पाणी बदलायला, ते रोज बदला, भांडं जड आणि त्यात साप बुडून बसेल एवढं मोठं असू द्या, आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पहिलं खाणं साधारण आठवड्याने द्या, नाही घेतलं तर ते खाणं उचलून टाका, आणि पुन्हा आठवडाभर त्याला त्याच्या बिळात राहू द्या.